पाटावरच्या दोन डिस्क

संदेश साळवी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कळव्यात तो राहतो त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईची बातमी त्याने कधीकाळी वाचली आणि तेव्हापासून हा बाबा चार मजले जिन्याने चढतो. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो. खाली उतरतो, पुन्हा वर येतो आणि चौथ्यांदा ओढतो. अनोळखी नंबरवरून फोन आला तर फोन उशीखाली ठेवून शेजारी बसून राहतो. नोकरीही देवाने बघूनच दिली. औषधाच्या बाटल्यांची झाकणं नीट बसलीत की नाही, हे तपासायची. सत्तावीस वर्षं हा माणूस झाकणं पिळतोय आणि एकही बाटली गळलेली नाही. साहेब खूश, हाही खूश.

आणि बायको कशी म्हणाल, तर रसिका. ठाण्याच्या बसमध्ये कंडक्टर. कळवा नाक्यावरून बस सुटली की हिचा आवाज ड्रायव्हरच्या कानातून पलीकडे जायचा. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्याला ती असा काही झापायची, की त्याच्याकडे नसलेले सुट्टेसुद्धा निघायचे. मूलबाळ नाही. घरात दोनच माणसं, आणि बोलणारी त्यातली एकच. संदेश ऐकायचा. त्याला ते फार बरं वाटायचं. घरात तिचा आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा सरळ हिशेब होता.

त्या बाईचा घसा बसला. बसला तो बसलाच. काढे झाले, गुळण्या झाल्या, मग तपासण्या झाल्या, त्यात गाठ निघाली, आणि एका सकाळी डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण हा आवाज राहणार नाही. पुढेमागे नळी बसवून थोडंफार बोलता येईल, पण तो आवाज वेगळा असेल.

रसिकाने विचारलं, "कधी करताय?"

संदेशला तोवर नर्सने खुर्चीत बसवून पाणी पाजलं होतं. तारीख नेमकी पितृपक्षातली आली. त्याने चाचरत ते बोलून दाखवलं, तर रसिका बसलेल्या घशाने फिस्कारली, "अहो, त्या गाठीला पितृपक्ष कळतो का?"

तिथेच त्यांना रुचिता मॅडम भेटल्या. अशा पेशंटना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं की ऑपरेशनला अजून महिना आहे, तेवढ्यात घरच्या कॉम्प्युटरवर रसिकाताईंच्या आवाजात जमतील तेवढी वाक्यं रेकॉर्ड करा. हजारेक झाली तर उत्तम. मग एक प्रोग्रॅम आहे, तो त्या वाक्यांवरून त्यांचा आवाज शिकतो. पुढे त्यांनी काहीही टाइप केलं की कॉम्प्युटर ते त्यांच्या आवाजात बोलून दाखवेल. अगदी हुबेहूब नाही, पण त्यांचाच.

संदेशने लगेच विचारलं, "आणि कोणी चोरला तर?" त्याच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज मेसेज येत होते. कोणा मुलाच्या आवाजात बापाला फोन आला, पैसे मागितले, असले. त्यामुळे त्याने ठरवूनच टाकलं की रसिकाचा आवाज इंटरनेटवर चढवायचा नाही, हॉस्पिटलमध्ये ठेवायचा नाही, आणि पेनड्राइव्हमध्ये तर नाहीच नाही, कारण पेनड्राइव्ह खिशातून पडतो आणि कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर राहील. घराला कुलूप आहे.

अरे, पण किती शहाणपणा करावा माणसाने!

उरलेल्या श्रावणात आणि गणपतीतही रेकॉर्डिंग चाललं. पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतीला गोधड्या टांगलेल्या. घसा बसलेलाच, पण सकाळी थोडा मोकळा असायचा, तेवढ्यात उरकायचं. रुचिता मॅडमनी दिलेल्या कागदावरचं वाक्य वाचायचं, की झालं एक. 'आज बाजारात मेथी स्वस्त आहे,' असं वाचून रसिका पुढे आपलं जोडायची, "कोण म्हणतं स्वस्त? चाळीसला जुडी!" मग संदेश हात जोडायचा आणि ते वाक्य पुन्हा. कागद संपले तेव्हा उरलेल्या दिवसांत तिने मनाचंच रेकॉर्ड केलं. बसचे थांबे म्हटले, टेंभी नाक्यापासून कळव्यापर्यंत, एकेक थांबा दहा-दहा वेळा. भांडणं म्हटली. नवऱ्याला हाक मारली, साधी, रागाची आणि आंघोळीतून टॉवेल मागायची. एकूण अकराशे चाळीस वाक्यं झाली.

ऑपरेशन झालं. नीट झालं. रसिका घरी आली ती गळ्यातल्या श्वासाच्या भोकावर पांढरी जाळी बांधून, आणि घर गप्प झालं.

तिने हातात पाटी घेतली. मुलांची असते ती, बोटाने लिहिलं की हिरवी अक्षरं उमटतात आणि बटण दाबलं की सगळं एका क्षणात गायब. तिच्यावर ती भराभर लिहायची, त्याच्या नाकापुढे धरायची आणि पुसून टाकायची. पुसलं की संदेश दुसरीकडे बघायचा. का, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं.

आता तो प्रोग्रॅम. तो म्हणे विंडोजवर चालत नाही, त्याला लिनक्स लागतं, विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम. रुचिता मॅडमनी गणपतीआधीच लिनक्सचा पेनड्राइव्ह दिला होता, पानभर सूचना दिल्या होत्या आणि बजावलं होतं, "आहे त्या डिस्कला अजिबात हात लावू नका. दुसरी डिस्क बसवा आणि लिनक्स त्या दुसरीवर टाका. रेकॉर्डिंग पहिलीवर सुरक्षित राहील."

दुसरी डिस्क संदेशने गणपतीतच आणून बसवली होती. पहिली ज्या कंपनीची त्याच कंपनीची, तेवढ्याच साइजची, हुबेहूब तशीच. वेगळी घेतली आणि दोघींचं पटलं नाही तर काय करायचं, ही त्याची भीती. आणली त्या दिवशी तोवर झालेली वाक्यं त्याने तिच्यावर उतरवूनही ठेवली. दोघींवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. जुनीवर एक, नवीवर दोन. रसिका हॉस्पिटलमध्ये असताना एका रविवारी त्याने लिनक्स टाकून बघायला घेतलं. पडद्यावर डिस्कची नावं आली, जुनीचं एसडीए आणि नवीचं एसडीबी. तेवढं त्याने वहीच्या कागदावर लिहून घेतलं. पुढे नवी डिस्क पुसायची का, असा प्रश्न आला आणि याचे हात थरथरायला लागले. बोट कुठे पडलं, पडलं की नाही, देवाला माहीत. त्याने सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. नवी पुसली गेली की वाचली, हे त्याने उघडून बघितलंच नाही. नाहीतरी पुसायचीच होती.

मग दसरा आला.

रसिकाच्या माहेरी हत्यारांची पूजा म्हणजे साग्रसंगीत काम. विळी, सुरी, कात्री, तिचं जुनं तिकीट पंच करायचं यंत्र, संदेशचं मापाचं कॅलिपर, सगळं घासूनपुसून पाटावर. आणि यंदा तिने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं, 'यंदा खरं यंत्र हेच. उघडा.' संदेशने डबा उघडला. आत ही धूळ! दोन्ही डिस्क त्याने सोडवल्या आणि पाटावर ठेवल्या, जुनी उजवीकडे, नवी डावीकडे. आंघोळीला गेला.

तो आत असताना बाईने काय करावं? चिठ्ठ्या मळल्या होत्या, त्या खरवडून काढल्या. कागदावर कोणी कुंकू लावतं का! डिस्क कोरड्या फडक्याने लखलखीत पुसल्या, हळदकुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं की विळीचं पातं देवाकडे आलंय. ते बरं दिसेना. तिने अख्खा पाटच उचलून उलटा फिरवला.

संदेश बाहेर आला, त्याच जागी बसला, नमस्कार केला. चिठ्ठ्या गेलेल्या त्याला दिसल्या, पण मग आठवलं की जुनी उजवीकडे होती. उजवीकडची त्याने जुनीच्या वायरीला जोडली, डावीकडची नवीच्या. मशीन सुरू झालं. विंडोज आलं, नेहमीचं चित्र आलं. त्याने सुस्कारा सोडला आणि दोघांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली.

रविवारी सकाळी दहाला त्याने लिनक्स टाकायला घेतलं. रसिका स्वयंपाकघरात नारळ खवत होती. या वेळी थरथर नको म्हणून त्याने आधी दोन कप चहा घेतला. पडद्यावर दोन नावं आली, साइज तेवढीच, कंपनी तीच. त्याने वहीचा कागद काढला. एसडीबी नवी. कागद तीनदा वाचला. पडद्यावर त्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेलं होतं, ते मात्र वाचलं नाही. एसडीबी निवडली. ही डिस्क पूर्ण पुसली जाईल, चालेल का? चालेल. बटण दाबलं. अर्धा तास निळी पट्टी हळूहळू भरत गेली आणि हा तिच्याकडे बघत राहिला, कधी नव्हे तो स्वतःवर खूश होऊन.

मग मशीन बंद होऊन सुरू झालं आणि पडदा काळा राहिला. पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली की सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. खाली एक रेघ लुकलुकत होती.

संदेशने मशीन बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. पुन्हा केलं. तीच ओळ. खोबऱ्याचा वास येत होता, खवणीचा आवाज येत होता, आणि हा त्या रेघेकडे बघत खुर्चीला धरून बसलेला. शेवटी गॅलरीत जाऊन दार ओढून त्याने महेंद्रला फोन लावला. महेंद्र त्याचा शाळेपासूनचा दोस्त, ठाकुर्लीला स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो.

"अरे संद्या, टेन्शन मत ले," महेंद्र म्हणाला. "लिनक्स टाकल्यावर होतं असं. मशीन जुन्याच ठिकाणी शोधत बसतं. सुरू करताना डिलीट दाबून धर, सेटिंग उघडेल. त्यात कुठली डिस्क आधी ते बघ, दुसरी वर घे."

संदेशने आत येऊन तसं केलं. फोन कानाला, एक बोट कीबोर्डवर. क्रम बदलला, सेव्ह केलं. पडदा जांभळा झाला आणि लिनक्स उघडलं. संदेशच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलं रे! आलं!"

"बघ. आता बंद करून परत चालू कर. आधी यादी येईल. वर लिनक्स, खाली विंडोज."

यादी आली. वर लिनक्स होतं. खाली काहीच नव्हतं.

"विंडोज दिसत नाही," संदेश म्हणाला.

महेंद्रने अगदी हळू आवाजात विचारलं, "संद्या, तू पुसलीस कुठली?"

त्यानंतर महेंद्र बरंच बोलला. मशीन आत्ताच्या आत्ता बंद कर, त्यावर आता काही लिहू नको, पुसलेल्यावर लिनक्स बसलंय म्हणजे सगळं परत मिळेल याची खात्री नाही, दुसरीवर कॉपी होती ना, ती बघ. संदेशला यातलं शेवटचं तेवढं ऐकू आलं. ती बघ. पण ती दुसरी त्याने हॉस्पिटलच्या दिवसांतल्या त्या रविवारी पुसली होती की नव्हती? बोट पडलं होतं की नव्हतं? वाचली असेल तर रसिकाचा आवाज आहे. पुसली असेल तर या जगात रसिकाचा आवाज नाही. आणि पुसणारा कोण, तर ज्याच्या हातून सत्तावीस वर्षांत एक झाकण ढिलं राहिलं नाही, तो.

त्याने बघितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन मिनिटांचं काम, बघून टाकावं की. घाबरट माणूस कधी जवळून पाहिलेला नाही तुम्ही! त्याने मशीनची वायर काढली, त्यावर चादर टाकली, आणि रसिका हात पुसत बाहेर आली तेव्हा तिला सांगितलं, "एक पार्ट मागवावा लागेल. आठ दिवस लागतील."

रसिकाने मान हलवली. तिचा विश्वास बसला, आणि तेच वाईट झालं.

कारण दुसऱ्या दिवशी तिने पाटी घेऊन चारही मजल्यांवर फिरून सांगितलं की येत्या रविवारी मी बोलणार. मग जिन्यात जो भेटेल तो संदेशला विचारायला लागला. काय साळवी, रविवार पक्का ना? तळमजल्यावरच्या काकांनी तर पेढे सांगतो म्हणून सांगितलं. संदेश इतक्या वर्षांत पहिल्यांदा लिफ्टने जायला लागला, माणसं टाळायला. दार लागलं की त्या पेटीत तो डोळे मिटून उभा राहायचा. अडकलो तर बरं, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

कंपनीत त्याचं लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत तो फोन उघडून रसिकाचे जुने आवाजी मेसेज शोधायचा. फोन भरेल, बंद पडेल या भीतीने हा पठ्ठ्या मेसेज आले तसे पुसत आलेला. दोन सापडले. एक, 'येताना कोथिंबीर आणा.' दुसरा नुसताच बसच्या गोंगाटाचा, चुकून दाबला गेलेला, त्यात लांबून तिचा आवाज. ते दोन मेसेज त्याने त्या आठवड्यात किती वेळा ऐकले असतील याला गणती नाही. डबा तसाच घरी यायचा. रसिका उघडून बघायची आणि त्याच्याकडे बघायची.

घरी तर बोलायलाच नको. ती रोज त्या चादरीवरची धूळ झटकायची. बुधवारी तिने पाटीवर लिहिलं, 'पार्ट कुठे अडकलाय? मी जाते दुकानात.' संदेश म्हणाला, नको नको, येईल. तिने बटण दाबलं, अक्षरं गेली, आणि हा चादरीची टोकं नीट करत बसला. पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईशी हा खोटं बोलत होता, आणि ती ओरडूही शकत नव्हती. ती ओरडली असती तर त्याने सगळं सांगून टाकलं असतं. ओरड ना गं एकदा, असं त्याच्या अगदी ओठांवर यायचं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. रसिकाने दार उघडलं. दारात महेंद्र, खांद्यावर बॅग.

"वहिनी, कशा आहात? हा माणूस माझा फोन उचलत नाही. काय झालं त्या कॉपीचं? मिळाला का तुमचा आवाज?"

संदेश आतल्या खोलीच्या दारात उभा होता. रसिकाने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. ती नुसती बघत राहिली, आणि संदेश भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रडत रडत त्याने सगळं सांगितलं. कागद तीनदा वाचला होता, एसडीबीच लिहिलं होतं, वायरी बरोबर जोडल्या होत्या, जुनी उजवीकडे होती, मी स्वतः ठेवली होती पाटावर.

"वायरी अदलाबदल झाल्यात," महेंद्र डबा उघडून म्हणाला. "नावं वायरीवरून पडतात रे. ज्या वायरीला तू जुनी म्हणतोस तिला नवी जोडलेली आहे. पण विंडोज कुठल्याही वायरीवरून उठतं, म्हणून तुला पत्ता लागला नाही. नावाखाली बारीक अक्षरांत विंडोज लिहिलेलं असतं, ते वाचायचं रे."

"पण उजवीकडेच होती!"

रसिकाने एकदम कपाळावर हात मारून घेतला. मोठा आवाज झाला. मग तिने दोन्ही हात पुढे धरले, पाट धरल्यासारखे, आणि हवेत अर्धा गोल फिरवून दाखवले. पुन्हा फिरवून दाखवले. संदेशला कळलं. महेंद्रला काही कळेना, पण तोही शहाणा, विचारत बसला नाही. त्याने नवी डिस्क सोडवली, बॅगेतून आपला लॅपटॉप काढला आणि वायर जोडली.

डिस्क फिरायला लागल्याचा बारीक आवाज आला. संदेशने तोंड भिंतीकडे केलं. बघवत नव्हतं त्याला. लॅपटॉपची कळ वाजली, पुन्हा वाजली, मग कितीतरी वेळ काहीच नाही.

"आहे," महेंद्र म्हणाला. "फोल्डर आहे. आठशे एकाहत्तर फायली आहेत."

संदेश तिथेच जमिनीवर आडवा झाला. पंखा फिरत होता, तो त्याला दिसत होता, एवढंच. नंतर कधीतरी त्याला हिशेब सुचला. अकराशे चाळीसमधून आठशे एकाहत्तर वजा केली की दोनशे एकोणसत्तर, तेवढी कायमची गेली. म्हणजे नवी डिस्क आणली त्यानंतरचं सगळं. बसचे थांबे, भांडणं, त्याला मारलेल्या हाका. महेंद्रने पुसलेल्या डिस्कवरही तासभर शोधलं, पण तिथे लिनक्स बसलं होतं, तुकडे मिळाले, एकही धड नव्हता. 'मेथी स्वस्त आहे' राहिलं. 'कोण म्हणतं स्वस्त' तर कधी ठेवलंच नव्हतं.

रुचिता मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आठशेवर काम होईल, आवाज थोडा वाचल्यासारखा येईल, सवय करून घ्या. पुसलेली म्हणून बाजूला पडलेली जुनी डिस्क आता लिनक्सचीच झाली होती. महेंद्रने तिच्यावर प्रोग्रॅम बसवला, वाक्यं उतरवली, स्वतःच्या लॅपटॉपवर एक कॉपी घेतली आणि संदेश तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाला, "गप बस. कोण चोरत नाही." प्रोग्रॅमला शिकायला तीन दिवस लागणार होते. रविवारचे पेढे पुढे ढकलले गेले. रसिकाने लेखी माफी मागत पुन्हा चारही मजले केले, नवऱ्याचं नाव न घेता.

त्या तीन दिवसांत दोघं कॉम्प्युटरशेजारून पाय न वाजवता जायची. पडद्यावर आकडा वाढत होता. दिवे जाऊ नयेत म्हणून संदेशने भाड्याने इन्व्हर्टर आणला, आणि इन्व्हर्टर बंद पडू नये म्हणून त्याच्याशेजारी गादी घातली.

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास आकडा शंभरवर आला. पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली, तिच्याखाली एक बटण.

"ये," संदेश म्हणाला. "लिही. काय हवं ते लिही."

रसिका खुर्चीत बसली. तिने आपलं नाव टाइप केलं, पूर्ण, 'मी रसिका संदेश साळवी.' संदेशने बटण दाबायला हात पुढे केला आणि तिने झटकन त्याचं मनगट धरलं. घट्ट. त्याला वाटलं, चुकून काही दाबलं जाईल म्हणून धरलं असेल. पण ती सोडेना. तिचा हात गार पडला होता. डाव्या हाताने तिने पाटी ओढली आणि वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'भीती वाटते.'

पंचवीस वर्षांत हा शब्द त्या बाईकडून संदेशने ऐकला नव्हता. डॉक्टरसमोर नाही, स्ट्रेचरवर नाही. त्याला वाटायचं, घरातली सगळी भीती आपल्याच वाट्याला आली आहे. मग तिने पुसलं आणि खाली लिहिलं, 'तो आवाज मी नसले तर?'

ती भीती त्यालाही होती, आठशे एकाहत्तर आकडा ऐकल्यापासून. पण भीती वाटताना काय करायचं असतं, हे कळव्यात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो स्टूल ओढून तिला खेटून बसला.

"हे बघ," तो म्हणाला, "पहिलं मिनिट सगळ्यात वाईट असतं. कानात वाजतं, पोटात गोळा येतो. त्याला थांबवायला जायचं नाही. पाय जमिनीला टेकव. चप्पल काढ. हां. आता माझ्या हाताला धर, पाहिजे तेवढं दाब. मला लागत नाही. नसला तुझा, तर बंद करू, मी त्या महेंद्रच्या दुकानात जाऊन भांडून येईन."

ती हसली. गळ्याच्या जाळीतून नुसती हवा आली. मग तिने मान हलवली आणि दोघांनी मिळून बटण दाबलं.

"मी रसिका संदेश साळवी," कॉम्प्युटर म्हणाला.

आवाज बारीक होता. सावकाश, शाळेत धडा वाचल्यासारखा. पण साळवीतल्या 'ळ'वर जो जोर पडला, तो तिचा होता, तिच्याशिवाय कोणाचाच नाही. रसिका हलली नाही. डोळे मिटून बसली. डोळ्यांतून पाणी गळ्याच्या जाळीपर्यंत आलं आणि संदेशने ते स्वतःच्या शर्टाच्या बाहीने टिपलं, जाळी ओली होऊ नये म्हणून. त्याने विचारलं, "आहेस का?"

तिने हात लांब करून स्पीकरचं बटण धरलं आणि फिरवलं, आणखी फिरवलं, शेवटपर्यंत. उठून गॅलरीचं दार सताड उघडलं. परत येऊन बसली आणि पुन्हा दाबलं.

तो आवाज चार मजले उतरून खाली रस्त्यापर्यंत गेला. हळू, लोक ऐकतील, असं संदेश सवयीने म्हणणार होता. तो म्हणाला नाही. त्याने स्वतः पुढे होऊन ते बटण तिसऱ्यांदा दाबलं.